किती डुकरं मारली ते छापलंत, किती उरली ते कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी हवाई बेटांवरच्या रानडुकरांची एक छोटी बातमी आली होती, शास्त्रज्ञच बंदुका घेऊन डुकरं मारत फिरतात अशा अर्थाची, आणि मथळ्यात मारलेल्या डुकरांचा आकडा, चांगला जाड टायपात. नंतर त्यावर वाचकांची दोन पत्रं पण छापलीत. एकाचं म्हणणं की प्राणिशास्त्र शिकून शेवटी हेच करायचं असेल तर शिकायचं कशाला. दुसरं पत्र बरोब्बर उलटं, की बघा तिथं कसं धडाधड करून मोकळे होतात, आपल्याकडं नुसत्या मीटिंगा. दोन्ही वाचून मी गप्प बसणार होते पण तो मथळ्यातला आकडा काही डोक्यातून जाईना, कारण मी हेच काम करते. माउई बेटावर हालेआकाला ज्वालामुखीच्या पावसाळी उतारावर कुंपणं, डुकरं, मुंगूस, उंदीर, मांजरं हा गेली काही वर्षं माझा रोजचा धंदा आहे, आणि या धंद्यात 'किती मारली' याइतका बिनकामाचा आकडा दुसरा नाही.

आमचा एक दिवस कसा जातो ते जरा सविस्तर सांगते म्हणजे मी असं का म्हणते ते कळेल.

सुरुवात बंदुकीनं होत नाही, बुटांनी होते. जंगलात पाय ठेवायच्या आधी बुटांच्या तळाची माती ब्रशनं खरवडून काढायची, मग ७० टक्के अल्कोहोलचा फवारा. तिथं ओहिआ नावाचं झाड आहे, सगळं मूळ जंगल बहुतेक त्याच्यावरच उभं आहे म्हटलं तरी चालेल, आणि २०१४ मध्ये लक्षात आलं की एक बुरशी या झाडांना मारतेय. बाहेरून धडधाकट दिसणारं झाड थोड्याच दिवसांत वरून खालपर्यंत तपकिरी पडतं. ही बुरशी झाडाला शिरते ती जखमेतून. साल सोललेली असेल, मुळं उघडी पडून खरचटलेली असतील तिथून. आता मुळं कोण उघडी करतं तर डुकरं. म्हणजे आम्ही बूट धुऊन जातो आणि आत डुकरं खुरांना चिखल लावून फिरतायत, मुळं सोलतायत. बूट धुताना दर वेळी मला हे आठवतं आणि थोडं हसू पण येतं.

मग पिंजऱ्यांची लाइन. वाटेच्या कडेनं ठराविक अंतरावर लावलेले जाळीचे पिंजरे, त्यात माशाचा वास येईल असं काहीतरी आमिष. हे मुंगसांसाठी. सकाळी लवकर बघावेच लागतात, कारण पिंजऱ्यात अडकलेला प्राणी उन्हात किंवा पावसात तासन्‌तास ठेवायचा नाही हा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला आमच्यात कोणी जवळ करत नाही. तुम्ही म्हणाल की मग मारणारे सापळेच का लावत नाही, तर काही ठिकाणी लावतो, लाकडी पेटीत बसवलेले, पण जिथं नेने फिरतात तिथं पिंजराच बरा. नेने म्हणजे हवाईचा हंस, जमिनीवर घरटं करतो, चालत चालत कुठंही शिरतो. चुकून नेने आत गेला तर दार उघडून सोडता येतो, मारणाऱ्या सापळ्यात गेला तर काय सोडणार? विसाव्या शतकाच्या मध्याला हा पक्षी जंगलात ३० च्या आसपास उरला होता. पिंजऱ्यात वाढवून सोडून, मुंगूस मांजरं आवरून कसाबसा वर आणला, आणि २०१९ मध्ये अमेरिकन सरकारनं त्याला 'अतिधोक्यातला' या वर्गातून एक पायरी खाली आणलं.

आणि मुंगसाची गोष्ट तर आपल्या लोकांनी वाचावीच अशी आहे. हे मुंगूस आपल्याकडचं. १८७२ मध्ये एका मळेवाल्यानं कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, उसातले उंदीर मारायला. तिथं ती फोफावली, मग ती ख्याती ऐकून हवाईच्या साखर मळेवाल्यांनी १८८३ मध्ये जमैकाहून ७२ आणवली. कोणाच्या डोक्यात आलं नाही की उंदीर रात्रीचा फिरतो आणि मुंगूस दिवसाचं. गाठच पडायची मारामार. मुंगसानं मग जे दिवसा जमिनीवर सापडेल ते खाल्लं, म्हणजे पक्ष्यांची अंडी, पिल्लं. उंदीर होते तिथंच राहिले. आज मी पिंजऱ्यासमोर उकिडवी बसते तेव्हा आतलं मुंगूस माझ्याकडं तांबूस डोळ्यांनी बघत दातओठ खात असतं, जाळीवर नाक घासून घासून नाकाचा शेंडा लाल झालेला असतो आणि शेपटीचे केस बाटली धुवायच्या ब्रशासारखे ताठ. मला त्याचा राग येत नाही. राग आला तर या मळेवाल्यांचा येतो. पण राग कोणाचाही आला तरी ते मुंगूस सोडता येत नाही. नियमात बसेल तसं आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर ते मारायचं, नर की मादी, वजन किती, कुठल्या नंबरच्या पिंजऱ्यात, सगळं वहीत लिहायचं, पिंजरा परत लावायचा, पुढं.

उंदरांचं काम वेगळं. त्यांच्यासाठी न्यूझीलंडमध्ये बनलेला एक सापळा वापरतो, गॅसच्या छोट्या नळकांड्यावर चालतो, उंदरानं आत डोकं घातलं की दट्ट्या बसतो आणि सापळा आपोआप परत तयार होतो, एका नळकांड्यात २४ वेळा. आता यात किती उंदीर मेले ते नीट मोजताच येत नाही, कारण मेलेला खाली पडतो आणि त्याला दुसरं कोणीतरी उचलून नेतं. मग आम्हाला कसं कळतं की फरक पडतोय? तर पावलं मोजून. प्लास्टिकचा लांबट बोगदा असतो, आत एक पांढरं कार्ड, कार्डाच्या मधोमध शाईचा पट्टा आणि पीनट बटरचं बोट. आदल्या दिवशी लावून एक रात्र ठेवायचं. सकाळी काढलं की कार्डावर सगळी हजेरी लागलेली असते. उंदराची चार-पाच बोटांची नाजूक फुली-फुली, मुंगसाचा ठसा मोठा आणि पुढं नखाच्या टिकल्या, मध्येच गोगलगाईनं शाईतून ओढत नेलेली रेघ, एखाद्या झुरळाची ठिपक्यांची लाइन. शंभर बोगद्यांतल्या किती बोगद्यांत उंदराची पावलं आली हा आमचा आकडा. सापळे लावायच्या आधी समजा बहुतेक कार्डं भरलेली असतील आणि नंतर जेमतेम एखादं दुसरं, तर पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात आम्हाला थोडी शांत झोप लागते. संपादक साहेब, लक्षात घ्या की इथं मेलेला उंदीर कुठंच मोजलेला नाही. जिवंत राहिलेला मोजलाय.

डुकरांकडं येते.

हवाईला जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी एकच, वटवाघूळ. बाकी सगळे आणलेले. पॉलिनेशियन लोक होड्यांमधून आले तेव्हा त्यांनी लहान चणीची डुकरं आणली, आणि १७७८ मध्ये कॅप्टन कुक पोचल्यानंतर युरोपियन जहाजांनी त्यांची मोठी डुकरं आणली, आजची रानडुकरं म्हणजे या दोन्हीचं मिश्रण. त्या जंगलानं लाखो वर्षं खूर आणि सुळा बघितलेलाच नव्हता, त्यामुळं तिथल्या झाडांना काटे नाहीत, कडू चीक नाही, पक्षी जमिनीवर निवांत बसतात. अशा जागी डुक्कर गेलं की काय होतं ते फोटोत कळत नाही. गांडुळांसाठी एका रात्रीत गावच्या चौकाएवढी जमीन उलटीपालटी करतात, वर शेवाळाची जी जाड गादी असते, जी पावसाचं पाणी धरून ठेवते, ती फाटते, मग पुढच्या पावसात लाल पाणी सुटतं. खाल्लेल्या परदेशी पेरूच्या बिया जागोजागी टाकतात, तो पेरू इतका दाट माजतो की त्याच्या खाली दुसरं काही उगवत नाही.

पण सगळ्यात वाईट गोष्ट डुकरांच्या लक्षात पण येत नसेल अशी आहे. तिथं माणसाच्या उंचीपेक्षा मोठे वृक्षनेचे, म्हणजे झाडासारखे वाढणारे फर्न, असतात. त्यांच्या खोडात आत पिठूळ गाभा असतो, डुकरांना तो फार आवडतो. ते खोड आडवं पाडतात, फोडतात आणि गाभा चाटून पुसून खातात. मागं राहतं ते लाकडी पन्हळ. पावसाचं पाणी त्यात साठतं. अशा एका पन्हळीवर वाकून बघितलं की आधी फक्त चहाच्या रंगाचं पाणी दिसतं, कुजक्या पानांचा वास, आणि मग आपली सावली पडली की एकदम सगळं पाणी वळवळायला लागतं, शेकडो अळ्या वरून खाली पळतात. क्युलेक्स डास. आपल्याकडं हत्तीरोग पसरवतो तोच. हवाईला डासच नव्हते, १८२६ च्या सुमारास जहाजातल्या पाण्याच्या पिंपांतून आले असं धरतात. हा डास तिथं पक्ष्यांचा मलेरिया पसरवतो. इइवी म्हणून एक लालभडक, वाकड्या चोचीचा पक्षी आहे, प्रयोगात असं दिसलं की लागण झालेला एकच डास चावला तरी यातले ९० टक्क्यांपर्यंत पक्षी मरतात. म्हणून हे पक्षी आता फक्त वर, थंडीत राहिलेत, साधारण दीड हजार मीटरच्या वर, जिथं डासाला नीट वाढता येत नाही. आणि तापमान वाढतंय तसा डास वर चढतोय, वर डोंगर संपतो. २०२३ मध्ये हवाईचे आठ पक्षी एकदम नामशेष म्हणून अधिकृतपणे जाहीर झाले.

आता कोणीतरी म्हणेल की डुकरं काढली की मलेरिया संपला का. नाही संपत. ओढ्यांच्या खडकांतल्या खळग्यांत पण डास होतात, आणि म्हणूनच २०२३ पासून माउईवर एक वेगळाच प्रयोग चालू आहे, प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास आकाशातून सोडतात, त्यांच्यात एक असा जिवाणू असतो की जंगलातल्या माद्यांची अंडी उबतच नाहीत. नर चावत नाहीत त्यामुळं त्रास नाही. पण वरच्या जंगलात, जिथं ओढे कमी आहेत, तिथं डुकरांनी केलेल्या पन्हळी आणि लोळणीची डबकी हीच डासांची मुख्य घरं, ती बंद करणं आमच्या हातात आहे.

तर डुक्कर पकडायचं कसं. मोठा गोल कोंडवाडा करतात जाळीचा, एक दार, आत आमिष. पहिले काही दिवस दार उघडंच बांधून ठेवायचं आणि झाडावर लावलेल्या कॅमेऱ्यात बघत राहायचं. डुकरांच्या माद्या आणि पिल्लं कळपानं राहतात, सुळेवाला मोठा नर बहुतेक एकटा. आधी पिल्लं आत येतात, मग एखादी तरुण मादी, आणि सगळ्यात म्हातारी मादी बाहेर उभी राहून वास घेत बसते, कधी कधी कित्येक रात्री. नवशिक्याचा हात शिवशिवतो, चार आत आलीत ना, पाडा दार. पण तसं केलं तर ती बाहेरची मादी जे बघते ते ती विसरत नाही, आणि पुढं जन्मात कुठल्याही कोंडवाड्याजवळ येत नाही, तिची पुढची पिल्लं पण येत नाहीत. म्हणजे वहीत 'चार मारली' असं छान लिहिता येतं आणि तुम्ही स्वतःच्या हातानं एक अशी मादी तयार केलेली असते जी आता सापडणारच नाही. अख्खा कळप आत आल्याशिवाय दार पाडायचं नाही, त्याला आठवडे गेले तरी चालेल. तुमच्या बातमीच्या हिशोबात ते आठवडे म्हणजे शून्य.

दार पडल्यावर जे करायचं ते पटकन करायचं. मी त्याचं वर्णन रंगवून करणार नाही, आणि मला त्यात मर्दुमकी पण वाटत नाही. अडकलेल्या डुकराला गोळी घालणं याला शिकार म्हणत असाल तर तो शब्द तुम्हाला लखलाभ. त्यानंतरचं काम मात्र मन लावून करते. दुहेरी हातमोजे आधी, कारण डुकरांत ब्रुसेला हा माणसालाही लागणारा जिवाणू असतो आणि लेप्टो तर असतोच, आणि अमेरिकेच्या पन्नास राज्यांत लेप्टोचं प्रमाण सगळ्यात जास्त ते हवाईतच. जबडा उघडून दात बघायचे, कुठली दाढ आलीये आणि कुठली अजून हिरडीत आहे त्यावरून वय. रक्ताची नळी. पोट उघडून काय खाल्लंय ते बघायचं, नेच्याचा गाभा असेल तर तो भिजलेल्या साबुदाण्यासारखा गिळगिळीत दिसतो. आणि मादी असेल तर गर्भाशय. त्यात किती पिल्लं आहेत, केवढी आहेत. हे मोजताना कोणी बोलत नाही. पण तोच आकडा सांगतो की या उताराला डुकरं किती वेगानं भरून निघणार आहेत.

कारण डुकरं भरून निघतात. गर्भ साधारण ११५ दिवसांचा, एका वेळी चार-सहा पिल्लं, आणि मादी वर्षाच्या आत व्यायला तयार. डुकरांचा अभ्यास करणारे ढोबळमानानं सांगतात की वर्षाला साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास काढली तर कुठं संख्या जागच्या जागी राहते, जागेप्रमाणं हे कमी-जास्त होतं. जागच्या जागी, कमी नव्हे! म्हणजे हजारातली तीनशे मारली तर मथळा होतो 'तीनशे रानडुकरांचा खात्मा' आणि पुढच्या वर्षी डुकरं असतात तितकीच किंवा जास्तच, कारण उरलेल्यांना खायला भरपूर. असे मथळे वर्षानुवर्षं येत राहतात आणि सगळ्यांना वाटतं काम चाललंय.

म्हणून पहिलं कुंपण. दिवसातला आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो कुंपणाच्या कडेनं चालण्यात. डुकराला चार-साडेचार फुटांची मजबूत जाळी पुरते, खाली जमिनीलगत काटेरी तार, म्हणजे उकरून शिरत नाही. कुठं झाड पडलंय, कुठं ओढ्यानं खालची माती नेलीये, कुठं गंजलंय ते बघायचं आणि तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. पाऊस इतका की चष्मा ठेवावा का काढावा कळत नाही. फोटो काढण्यासारखं यात काही नाही आणि म्हणून हे कोणी छापत पण नाही, पण एक फूटभर भोक राहिलं तर आतली दोन वर्षांची मेहनत एका गाभण मादीत वाहून जाते. चितळासाठी आठ फूट जाळी लागते. हो, चितळ पण आहेत तिथं, आपलेच, हाँगकाँगहून १८६८ मध्ये हवाईच्या राजाला भेट म्हणून मोलोकाई बेटावर आले आणि माउईवर १९५९ च्या सुमारास सोडले गेले. मुंगूस आपलं, चितळ आपलं, डासाचं सोडा. मी तिथं हे सांगितलं की सहकारी म्हणतात, तू निस्तरायलाच आलीस.

कुंपण झालं की आतला शेवटचा भाग, आणि तोच सगळ्यात अवघड आणि महाग. पहिली नव्वद टक्के डुकरं कोणीही काढेल. शेवटची चार-पाच जी असतात ती सगळी शहाणी. त्यांच्यासाठी जीपीएस पट्टा लावलेले शिकवलेले कुत्रे, हेलिकॉप्टरमधून उष्णता दिसणारा कॅमेरा, किंवा एक डुक्कर पकडून त्याला रेडिओ कॉलर लावून परत सोडायचं, ते आपल्या जातभाईंना शोधत जातं आणि मागोमाग आपण. हा शेवटचा प्रकार मला मनातून आवडत नाही, पण काम करतो. शेवटच्या वर्षात कदाचित दोनच डुकरं मारली जातात आणि खर्च सगळ्यात जास्त होतो. मथळ्याच्या हिशोबानं ते वर्ष सपशेल फेल. आमच्या हिशोबानं तेच वर्ष ज्यासाठी बाकीची सगळी केली.

हे होतं का कधी पूर्ण? होतं. गालापागोसमधल्या सान्तियागो बेटावर तीसेक वर्षं लागली, १८ हजारांवर डुकरं काढली, २००० साली शेवटचं गेलं. यातली बरीच वर्षं तर नुसती मारामारी चालू होती, थोडी मारायची, मग काम ढिलं पडायचं, परत वाढायची. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सान्ता क्रूझ बेटावर उलटं केलं, आधी बेटाचे कुंपणानं पाच भाग पाडले आणि मग एकेक भाग साफ, पाच हजारांहून जास्त डुकरं, पण मुख्य काम सव्वा वर्षाच्या आसपास आटोपलं. आणि तिथली गंमत बघा, डुकरांची पिल्लं खायला मिळतात म्हणून सोनेरी गरुड त्या बेटावर येऊन राहिले होते, आणि पिल्लांबरोबर ते तिथल्या मांजराएवढ्या कोल्ह्यांना पण उचलायला लागले, कोल्हे पार संपत आले. डुकरं काढली, गरुड पकडून मुख्य भूमीवर सोडले, कोल्हे पिंजऱ्यात वाढवून सोडले, आणि २०१६ मध्ये ते कोल्हे धोक्याच्या यादीतून बाहेर. त्या बेटावरचं यश मोजायचं असेल तर कोल्हे मोजावे लागतात.

पहिल्या पत्रवाल्या वाचकांनी विचारलंय की मारण्यापेक्षा पकडून दुसरीकडं का सोडत नाही. दुसरीकडं म्हणजे कुठं? बेटावर दुसरीकडं म्हणजे शेजारचं जंगल किंवा कोणाचं तरी शेत, आणि रोग फुकट बरोबर जातात. नसबंदीचं इंजेक्शन आहे, पण त्यासाठी प्रत्येक डुक्कर आधी पकडावं लागतं, आणि टोचून सोडलेलं डुक्कर उरलेलं आयुष्य नेचे फोडतच राहतं. तरी मारण्याला असलेल्या त्यांच्या विरोधात एक गोष्ट खरी आहे. दुर्गम भागात जिथं रोज पोचता येत नाही तिथं तारेची फासकी लावायची पद्धत होती आणि अजून काही ठिकाणी आहे, त्यावर १९९० च्या दशकात हवाईत मोठी भांडणं झाली. फासकीत डुक्कर किती वेळ जिवंत अडकून पडेल सांगता येत नाही. माझं स्वतःचं मत असं की जिथं दुसरा मार्ग निघतो तिथं फासकी लावू नये, महाग पडलं तरी. टीममध्ये सगळे याच्याशी सहमत नाहीत, जेवताना वाद होतात.

आणि स्थानिक शिकाऱ्यांचं पण ऐकायला हवं, ते तुमच्या बातमीत अजिबात नव्हतं. तिथल्या कितीतरी घरांत रानडुकराचं मटण हेच घरचं मटण, आजोबांपासून कुत्री पाळून शिकार करत आलेले लोक आहेत, त्यांना वाटतं सरकार आणि शास्त्रज्ञ मिळून आमचा डोंगर कुंपणात घालतायत. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. खालच्या उतारावर त्यांना डुकरं हवीत, वर आम्हाला एकही नको, आणि दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, फक्त रेघ कुठं मारायची यावर बसून बोलावं लागतं. बरेचदा कुंपण कुठून फुटलंय ते आम्हाला त्यांच्यातलाच कोणीतरी फोन करून सांगतो. कधी कधी कुंपण फोडणारा पण त्यांच्यातलाच असतो, तेही आहे.

दुसऱ्या पत्रवाल्यांना एवढंच सांगायचंय की हवाईचं उदाहरण उचलून भारतात लावू नका. भारतात रानडुक्कर मूळचं आहे, वाघ-बिबट्याचं खाणं आहे, तिथलं जंगल त्याच्या उकरण्याची सवय झालेलं जंगल आहे. शेतीचं नुकसान होतं ते खरं आणि त्यावर उपाय हवाच, पण तो प्रश्न वेगळा, कायदा वेगळा, 'एकही नको' हे तिथं उत्तर असूच शकत नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी, की मारलेल्यांचा आकडा देऊन कोणी पाठ थोपटून घेत असेल तर त्याला विचारा, आधी किती होती, आता किती आहेत, आणि नुकसान किती कमी झालं. शेतकऱ्याला पण शेवटी हेच हवं असतं.

संध्याकाळी खाली आल्यावर आमचं काय चालतं ते सांगितलं तर तुमच्या वाचकांना कंटाळा येईल. ओल्या वहीतली अक्षरं लावत कॉम्प्युटरवर भरायची. ठराविक रेषेवर ठराविक चौकोन आखलेले असतात, प्रत्येक चौकोनात ताजं उकरलेलं आहे का, जुनं आहे का, लीद, पावलं, काहीच नाही. 'काहीच नाही' हा कॉलम भरताना जो आनंद होतो तो मला कोणत्याही डुकरानं दिलेला नाही. एका कुंपणाच्या आत आता बराच काळ सगळे चौकोन 'काहीच नाही' आहेत आणि तिथं जमिनीलगत ओहिआची बोटभर रोपं दिसायला लागलीत, त्यांची कोवळी पानं लालसर असतात. तिथं मागच्या हंगामात आमच्या टीमनं मारलेल्या डुकरांची संख्या शून्य आहे. ही बातमी तुम्ही छापली असती का?

माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर एजन्सीकडून आलेल्या आकड्याच्या शेजारी अजून दोन आकडे मागवा, कुंपणाच्या आत एकूण किती क्षेत्र आहे आणि शेवटच्या पाहणीत आत डुकरांच्या खुणा किती चौकोनांत दिसल्या. हे आकडे असतात, विचारलं तर कोणीही आनंदानं देतं, विचारत कोणी नाही.

आणि एक राहिलं. बातमीबरोबर छापलेल्या फोटोतला प्राणी डुक्करच नाही. गळ्याभोवती फिकट पट्टा आहे बघा, ती पेकरी आहे, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ॲरिझोनापासून खाली अर्जेंटिनापर्यंत सापडते, तिचं कुळच वेगळं, आणि हवाईत ती जंगलात कुठंच नाही. तेवढं शुद्धिपत्रक द्यावं.

कळावे,
आपली,
एक फील्ड बायोलॉजिस्ट वाचक